बेसबॉलची गर्दी आणि घरचा टीव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडच्या बे एरियात राहते आणि बेसबॉल मनापासून पाहते. हे कळलं की मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरच्या जेवणात, एक प्रश्न हमखास येतो: "तो खेळ आता कुणी बघतं का?" त्याच्या मागोमाग आणखी दहा प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं बरेच दिवस मनात होतं.

बेसबॉलचे प्रेक्षक खरंच घटत चालले आहेत का?

मैदानावरचे नाही. मेजर लीग बेसबॉलच्या (एमएलबी) तीस संघांच्या सामन्यांना २००७ साली सुमारे ७ कोटी ९५ लाख प्रेक्षक आले, तो आजवरचा उच्चांक. त्यानंतर आकडा हळूहळू उतरत २०१९ साली ६ कोटी ८५ लाखांवर आला. २०२० च्या साखळी फेरीत कोविडमुळे एकही प्रेक्षक नव्हता. २०२२ मध्ये ६ कोटी ४५ लाख, आणि मग २०२३ मध्ये एकदम ७ कोटी ७ लाख. २०२४ मध्ये ७ कोटी १३ लाख, २०२५ मध्ये ७ कोटी १४ लाख. लागोपाठ तीन वर्षं वाढ २००७ नंतर प्रथमच झाली.

कोसळला आहे तो घरचा टीव्ही, म्हणजे आपल्या शहराच्या संघाचा रोजचा सामना घरोघरी पोचवणारी व्यवस्था. बातम्यांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि लोक म्हणतात, खेळच संपला. माझं मत उलट आहे. खेळावरचं प्रेम शाबूत आहे, मधली वाहिनी फुटली आहे.

मैदानावरची ही संख्या मोजतात कशी? स्टेडियम अर्धं रिकामं दिसतं आणि फलकावर तीस हजार लिहिलेलं असतं!

जाहीर होतो तो विकलेल्या तिकिटांचा आकडा. फाटकातून आत आलेल्या माणसांचा नाही. सीझन तिकीट घेतलेला माणूस घरी झोपला असेल तरी तो मोजला जातो. मेजर लीगचे संघ अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीगमध्ये विभागलेले आहेत, आणि पूर्वी या दोघींची पद्धत वेगळी होती. अमेरिकन लीग विकलेली तिकिटं धरायची, तर नॅशनल लीग फाटकावरचं फिरतं चक्र मोजायची. १९९३ पासून नॅशनल लीगनेही तिकिटंच धरायला सुरुवात केली. त्यामुळे १९९३ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडताना जरा जपून.

मग २००७ चा विक्रम अजून का मोडला नाही?

एक कारण फार कमी लोक सांगतात: खुर्च्याच कमी झाल्या. न्यूयॉर्कच्या जुन्या यांकी स्टेडियमात आणि मेट्स संघाच्या शे स्टेडियमात प्रत्येकी ५५ हजारांहून जास्त माणसं मावत. २००९ साली दोन्ही संघ नव्या घरी गेले. यांकींचं नवं मैदान ५० हजारांच्या आसपासचं, मेट्सचं ४२ हजारांच्या आसपासचं. त्याआधी यांकी २००५ ते २००८ अशी चार वर्षं लागोपाठ चाळीस लाखांच्या वर होते. आता तिथे ते आकडे गाठायला जागाच नाही.

नवी मैदानं मुद्दामच लहान बांधली जातात. खुर्ची दुर्मिळ झाली की तिकिटाला भाव येतो. एका मोसमात एका संघाला सर्वाधिक प्रेक्षक मिळाले ते डेन्व्हरच्या कोलोरॅडो रॉकीजला, १९९३ साली, सुमारे ४४ लाख ८३ हजार. संघ नवा, शहर हरखलेलं, आणि सामने एका प्रचंड फुटबॉल स्टेडियमात. तो विक्रम मोडेल असं मला वाटत नाही.

२०२३ पासून गर्दी वाढली ती कशामुळे?

घड्याळामुळे. बेसबॉलला वेळेचं बंधन कधीच नव्हतं, आणि जुन्या रसिकांना त्याचाच अभिमान. पण २०२१ पर्यंत नऊ डावांचा सामना सरासरी ३ तास १० मिनिटांवर गेला होता. पिचर चेंडू हातात घोळवत उभा, बॅटर हातमोजे सैल करून पुन्हा आवळतोय. शाळकरी पोर घेऊन रात्री सात वाजता गेलेल्या आईबापांनी करायचं काय?

२०२३ मध्ये पिच क्लॉक आलं. बेस (धाव काढताना गाठायचे टप्पे) रिकामे असतील तर १५ सेकंद, कुणी बेसवर असेल तर २० सेकंद (पुढच्या वर्षी १८). तेवढ्यात चेंडू टाकायचा. त्याच वर्षी बेसचा आकार वाढवला आणि क्षेत्ररक्षकांनी एका बाजूला गोळा होण्यावर बंदी आणली. सरासरी सामना एका झटक्यात सुमारे २४ मिनिटांनी लहान होऊन २ तास ४० मिनिटांवर आला. चोरलेल्या बेसची (पिचर चेंडू टाकतो तेवढ्यात धावून गाठलेल्या पुढच्या बेसची) संख्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेली. मीही आधी नाराज होते. पहिल्याच महिन्यात मत बदललं. खेळ तोच राहिला, फक्त मधला रिकामा वेळ गेला.

तरी एप्रिलमध्ये एखाद्या मंगळवारी मैदान ओस पडलेलं असतं. असं कसं?

प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. आयपीएलच्या संघाला साखळी फेरीत घरचे सातच सामने मिळतात, म्हणून तिथे प्रत्येक संध्याकाळ सणाची. बेसबॉल हा रोजचा वरणभात आहे. एप्रिलमध्ये शिकागो किंवा मिनियापोलिसला थंडी हाडांत शिरते, मुलांच्या शाळा चालू असतात. जून-जुलैत सुट्ट्या लागल्या की तीच मैदानं भरतात. एका दिवसाच्या फोटोवरून मोसमाचं निदान करू नये.

टीव्हीवर दाखवलं की लोक मैदानावर येत नाहीत, हे खरं आहे ना?

हा वाद टीव्हीच्याही आधीचा आहे. १९२० च्या दशकात शिकागो कब्जचे मालक विल्यम रिगली यांनी रेडिओ केंद्रांना आपल्या सामन्यांचं प्रक्षेपण खुशाल करू दिलं. बाकीचे मालक म्हणाले, फुकट ऐकायला मिळाल्यावर तिकीट कोण काढणार? पण गावोगावच्या बायाबापड्या कामं करता करता सामने ऐकू लागल्या, त्यांना खेळाडूंची नावं पाठ झाली, आणि रविवारी त्या मुलाबाळांसह मैदानावर आल्या. १९२७ साली कब्ज हा मोसमात दहा लाख प्रेक्षक मिळवणारा नॅशनल लीगचा पहिला संघ ठरला. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी मात्र रेडिओबंदीचा करार केला होता, तो १९३८ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९३९ रोजी, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरून मेजर लीगचा पहिला सामना टीव्हीवर दिसला.

टीव्हीने नुकसान केलंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. छोट्या गावांतल्या मायनर लीगना (मेजर लीगच्या खालच्या दर्जाच्या स्पर्धांना) त्याचा मोठा फटका बसला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या सामन्यांना वर्षाला चार कोटींच्या आसपास प्रेक्षक येत. पन्नासच्या दशकात मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसू लागले आणि ही संख्या निम्म्याहून खाली आली, कित्येक संघ बंद पडले. उपनगरं आणि मोटारी हीही कारणं होतीच, पण टीव्हीचा वाटा नाकारता येत नाही.

म्हणजे ज्याला टीव्हीवर जागा मिळाली त्याची गर्दी वाढली, ज्याला मिळाली नाही तो विसरला गेला. याचा सर्वांत दुःखद दाखला कॅनडातल्या मॉन्ट्रियल एक्सपोज संघाचा. १९९४ साली खेळाडूंच्या संपाने मोसम अर्धवट थांबला तेव्हा हा संघ ७४ विजय आणि ४० पराभव अशा, साऱ्या लीगमधल्या सर्वोत्तम कामगिरीवर होता. पुढे चांगले खेळाडू विकले गेले. २००० सालच्या मोसमात तर या संघाचे सामने इंग्रजी टीव्हीवरही नव्हते आणि इंग्रजी रेडिओवरही नव्हते. २००१ मध्ये मोसमभरात साडेसहा लाखही प्रेक्षक आले नाहीत. २००५ साली संघ वॉशिंग्टनला हलवला गेला.

'लोकल टीव्ही' ही काय भानगड आहे? क्रिकेटमध्ये तर असं काही नसतं.

आयपीएलचे सगळे हक्क बीसीसीआय एकगठ्ठा विकतं आणि पैसे संघांत वाटले जातात. अमेरिकन फुटबॉलचंही साधारण तसंच. बेसबॉलमध्ये मात्र देशभर दाखवले जाणारे थोडे सामने आणि अंतिम फेऱ्या लीग विकते, तर रोजचे बहुतेक सामने प्रत्येक संघ आपल्या भागापुरते स्वतः विकतो. ते दाखवणाऱ्या प्रादेशिक क्रीडा वाहिन्या केबलच्या पॅकेजमध्ये असतात.

या वाहिन्यांचं गणित समजलं की पुढचं सगळं समजतं. केबल घेणारं प्रत्येक घर, मग तिथे कुणी बेसबॉल बघो वा न बघो, दरमहा काही डॉलर या वाहिनीसाठी भरत होतं. बिलात ते मिसळलेलं असे. म्हणजे बेसबॉल न बघणारे लाखो लोक बेसबॉलच्या खेळाडूंचे पगार भरत होते. सुमारे २०१० पर्यंत अमेरिकेत दहा कोटींच्या घरात कुटुंबं असं पॅकेज घेत. मग लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली. सर्वांत आधी तोडली ती बेसबॉल न बघणाऱ्यांनी, आणि तेच तर पैसे पुरवत होते.

दिवाळखोरी झाली म्हणतात ती कुणाची?

सिंक्लेअर समूहाने २०१९ मध्ये डिस्नीकडून फॉक्सच्या जुन्या प्रादेशिक क्रीडा वाहिन्या हजार कोटी डॉलरच्या आसपास किमतीला घेतल्या, त्यातला बराच भाग कर्जाने. त्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ग्रुप ही कंपनी १४ मार्च २०२३ रोजी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. तेव्हा १४ बेसबॉल संघांचे सामने तिच्याकडे होते. वाहिन्यांची पाटी आधी 'बॅली स्पोर्ट्स' झाली होती, २०२४ च्या शेवटी 'फॅनड्युएल स्पोर्ट्स नेटवर्क' झाली. पुढे कंपनी नव्या नावाने दिवाळखोरीतून बाहेर आली, पण तोवर काही संघ सुटून गेले होते आणि काहींनी कमी पैशांवर मान्यता दिली होती. त्याच काळात वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीनेही या धंद्यातून अंग काढून घेतलं.

संघांना पैसे कमी मिळाले हे कळलं. बघणाऱ्यांचं काय झालं?

यासाठी सॅन डिएगो बघावं. सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं उदाहरण तेच आहे. डायमंडने पाद्रेज संघाचा हप्ता चुकवला आणि ३१ मे २०२३ पासून लीगने स्वतः त्यांचे सामने दाखवायला घेतले. केबल आणि डिशच्या बहुतेक सगळ्या कंपन्यांवर वाहिनी दिली, आणि केबल नसलेल्यांसाठी महिन्याला सुमारे २० डॉलरमध्ये थेट इंटरनेटवर. आधी अकरा लाखांहून थोड्याच जास्त घरांत सामना पोचत होता. तो एका रात्रीत तीस लाखांहून जास्त घरांत पोचू लागला.

मैदान रिकामं पडलं का? त्या वर्षी पाद्रेजना ३२ लाख ७१ हजार प्रेक्षक आले, तोवरचा त्यांचा विक्रम. पुढच्या दोन्ही वर्षी तो पुन्हा मोडला. एकट्या टीव्हीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. चार्जर्स हा फुटबॉल संघ २०१७ मध्ये लॉस एंजेलिसला गेल्यापासून शहराकडे या तोडीचा हा एकच संघ उरला होता, आणि तेव्हाचे मालक पीटर सायडलर यांनी खेळाडूंवर हात सैल सोडला होता. पण घरोघरी सामने दिसले म्हणून गर्दी ओसरली नाही, एवढं तर स्पष्ट आहे.

संघाची तिजोरी मात्र आधीइतकी भरत नाही. पोच जवळपास तिप्पट आणि पैसा कमी, हे या काळाचं खरं कोडं आहे.

उलटं उदाहरण आहे का? टीव्ही बंद, तरी मैदान भरलेलं?

आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. लॉस एंजेलिस डॉजर्सनी टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा, सुमारे ८३५ कोटी डॉलरचा करार केला आणि २०१४ मध्ये नवी वाहिनी सुरू झाली. तिची किंमत इतर केबल कंपन्यांना परवडेना. परिणामी २०२० पर्यंत शहरातल्या निम्म्याहून जास्त घरांत डॉजर्स दिसतच नव्हते. विन स्कली ६७ वर्षं या संघाचं समालोचन करून २०१६ मध्ये निवृत्त झाले. त्यांची शेवटची वर्षं त्यांच्याच शहरातल्या बहुसंख्य लोकांना टीव्हीवर ऐकता आली नाहीत. शेवटचे सहा सामने तेवढे साध्या वाहिनीवर दाखवले. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

तरीही २०१३ पासून, कोविडचं वर्ष सोडलं तर, दरवर्षी सर्वाधिक प्रेक्षक डॉजर्सनाच आले. शोहेई ओहतानी हा जपानी तारा संघात आल्यावर तर २०२५ मध्ये त्यांनी प्रथमच चाळीस लाखांचा टप्पा ओलांडला. म्हणजे टीव्ही गेला की गर्दी लगेच पडते असं नाही. मोठं शहर, सतत जिंकणारा संघ आणि जुनं प्रेम एवढ्यावर बरीच वर्षं निघतात. तोटा होतो तो त्या काळात आठ-दहा वर्षांच्या असलेल्या मुलांत. ती पंचवीस वर्षांची होतील तेव्हा तिकीट काढतील का, हे आजच्या आकड्यांत दिसत नाही.

रेटिंग म्हणजे किती माणसं?

रेटिंग म्हणजे त्या बाजारातल्या टीव्ही असलेल्या घरांपैकी शेकडा किती घरं बघत होती. सेंट लुईस भागात अशी साधारण १२ लाख घरं, न्यूयॉर्क भागात ७० लाखांहून जास्त. सेंट लुईसचं रेटिंग ५ आलं तर ६० हजार घरं. न्यूयॉर्कचं २ आलं तर १ लाख ४० हजार. पहिल्या शहराचा जीव जास्त जडलेला, दुसऱ्याची संख्या जास्त. आणखी एक: हे आकडे मोजणारी नीलसन कंपनी आता बार-हॉटेलांत बघणारेही धरतं आणि सेट-टॉप बॉक्सची माहितीही वापरतं, त्यामुळे आजची वाढ दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहताना थोडी वजावट करावी.

मी आयोवात राहतो. एमएलबीच्या ॲपचे पैसे भरले, तरी सामना 'ब्लॅकआउट' दिसतो. का?

कारण तुमच्या राज्यावर सहा संघांनी आपला भाग म्हणून हक्क सांगितलेला होता: कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ट्विन्स आणि ब्रुअर्स. स्थानिक वाहिनीचं गिऱ्हाईक जपण्यासाठी ॲपवर त्या संघांचे सामने झाकले जात. मैदान कित्येक तासांच्या अंतरावर आणि ती वाहिनी केबलवर मिळेलच असंही नाही. प्रेक्षक पैसे घेऊन दारात उभा आणि दार बंद, असा हा नियम. लीगने हाती घेतलेल्या संघांच्या बाबतीत वेगळे पैसे भरून आता हा अडसर दूर होतो, बाकीच्यांचं वाहिनीगणिक वेगळं.

ओकलंडला तर लोकच येत नव्हते. म्हणूनच संघ गेला ना?

हा प्रश्न मला लागतो. ओकलंडचा संघ ए'ज (ॲथलेटिक्स) २०२३ मध्ये फक्त ८ लाख ३२ हजार प्रेक्षकांवर होता, हे खरं. पण त्याआधी चांगले खेळाडू एकामागून एक दुसऱ्या संघांना दिले गेले, तिकिटं महागली, आणि संघ लास व्हेगसला जाणार हे उघड झालं. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला: येऊ नका म्हणण्याऐवजी सगळे या. मंगळवारची रात्र, तळाला पडलेला संघ, आणि २७,७५९ लोक. हिरव्या शर्टांवर मालकाला उद्देशून एकच शब्द होता, 'विका'. २६ सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या सामन्याला ४६,८८९ आले. बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनवरून मैदानाकडे जाणाऱ्या त्या पुलावर आता बेसबॉलची गर्दी नसते.

टीव्हीचा धागा इथेही आहे. व्हेगसचं मैदान तयार होईपर्यंत संघ सॅक्रामेंटोजवळच्या, जेमतेम १४ हजार माणसं मावणाऱ्या मायनर लीगच्या मैदानावर गेला. ते अंतर जवळचं असल्याने बे एरियाचा टीव्ही करार चालू ठेवता आला. २०२५ मध्ये तिथे मोसमभरात पावणेआठ लाखही लोक आले नाहीत. प्रेक्षकांचं गाव सोडलं, पण त्यांचा टीव्ही सोडला नाही.

वर्ल्ड सीरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, पाहणारे तर वाढले म्हणतात?

वाढले. २०२३ मध्ये सरासरी ९० लाखांच्या आसपास, आजवरची नीचांकी. २०२४ मध्ये डॉजर्स आणि यांकी समोरासमोर आले आणि सरासरी १ कोटी ५८ लाखांवर गेली. पण १९७८ मध्ये ती ४ कोटी ४० लाखांच्या वर होती. ऑक्टोबरचे हे आकडे संघाच्या नावांवर चढतात-उतरतात. मला महत्त्वाचा वाटतो तो जूनमधला बुधवार, जेव्हा स्वयंपाकघरात टीव्ही चालू असतो आणि कुणीतरी पोळ्या लाटता लाटता धावसंख्या विचारतं.

पुढे काय?

लीगचे राष्ट्रीय करार २०२८ नंतर संपतात. तेव्हा तीसही संघांचे स्थानिक हक्क एकत्र करून विकावेत असा आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांचा प्रयत्न आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या मधल्या करारांत एनबीसी आणि नेटफ्लिक्स आले, आणि अमेरिकेत लीगची एमएलबी.टीव्ही ही इंटरनेट-सेवा विकण्याचे तसंच सहा संघांचे स्थानिक इंटरनेट-हक्क ईएसपीएनकडे गेले. लहान शहरांना एकत्र विक्री हवी आहे. डॉजर्स, यांकी, रेड सॉक्स यांच्याकडे स्वतःच्या मोठ्या वाहिन्या किंवा करार आहेत, ते का सोडतील? आताही प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के वाटा सामायिक खात्यात टाकतोच.

त्याआधी खेळाडूंशी असलेला करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे. १९९४ च्या संपानंतर सामन्यागणिक सरासरी ३१ हजारांवरून २५ हजारांवर आली होती आणि ती भरून यायला दहा-बारा वर्षं गेली. मला टीव्हीपेक्षा या तारखेची धास्ती जास्त आहे.

पुण्यात आईबाबांना बघायचं असेल तर?

लीगचं ॲप घ्या. भारतात स्थानिक ब्लॅकआउट लागत नाही, त्यामुळे आयोवातल्या माणसाला न दिसणारा सामना त्यांना दिसेल. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि पिच क्लॉक आल्यापासून बहुतेक वेळा सकाळच्या दुसऱ्या चहाआधी संपतो.